लढाई संपली, फौज राहिली: वऱ्हाडाची किंमत

युद्ध संपले की फौजेचा खर्च आपोआप उतरतो, असे मानले जाते. इंग्लंडपुरते ते बरेचसे खरे होते. 1815 साली वॉटर्लूची लढाई झाली आणि पुढच्याच वर्षी तिथल्या पार्लमेंटने युद्धासाठी बसवलेला प्राप्तिकर रद्द करून सरकारला हात आखडायला लावले. त्याच काळात वऱ्हाडाच्या वाट्याला मात्र उलटेच आले.

इंग्रजांनी 1803 साली वऱ्हाड जिंकले, ही समजूत अर्धवट आहे. 29 नोव्हेंबरला अकोल्याकडच्या अडगावला लढाई झाली, 15 डिसेंबरला गाविलगड पडला. पण देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा भोसल्यांचा मुलूख निजामाकडे गेला. इंग्रजी अंमल आला तो 50 वर्षांनी, फौजेच्या थकलेल्या पगारापायी.

ही फौज म्हणजे तैनाती फौज नव्हे. तैनाती फौजेच्या खर्चापोटी निजामाने 1800 सालीच बळ्ळारी, कडप्पा हा मुलूख तोडून दिला होता. वऱ्हाड गेले ते ‘हैदराबाद कंटिंजंट’साठी. 1800 च्या तहातील 12 व्या कलमाप्रमाणे युद्ध झाले तर निजामाने 6,000 पायदळ आणि 9,000 घोडदळ मदतीला द्यायचे होते. शांततेत ते पोसण्याचे बंधन नव्हते. रेसिडेंट हेन्री रसेलने इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली कवायती पलटणी उभ्या केल्या. पुढे पेंढाऱ्यांचा बंदोबस्त झाला, 1818 साली पेशवाई बुडाली, लढायला कोणी उरले नाही. पलटणी तशाच राहिल्या. वर्षाला सुमारे 40 लाखांचा हा खर्च भागवायला दिवाणी सांभाळणारे चंदूलाल पामर कंपनीकडून आणि सावकारांकडून कर्ज काढत गेले, आणि त्याची झळ शेवटी रयतेला बसली. 12 व्या कलमाने शांततेतली ही फौज समर्थनीय ठरत नाही, हे खुद्द गव्हर्नर जनरल डलहौसीने आपल्या टिपणात मान्य केले होते. तरी त्याच्याच कारकिर्दीत, 21 मे 1853 रोजी, निजामाला वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब लावून द्यावे लागले. हा उघड अन्याय होता.

वऱ्हाड तेव्हा विकले किंवा खालसा झाले, असेही नाही. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा. 1860 साली इंग्रजांनी निजामाकडचे आपले सुमारे 50 लाखांचे कर्ज माफ करून धाराशिव आणि रायचूर दुआब परत दिले; कापसाचे वऱ्हाड तेवढे ठेवून घेतले. 1902 साली दरसाल 25 लाखांवर ते कायमच्या पट्ट्याने घेतले गेले.

त्यानंतर 1903 साली कंटिंजंट मोडली, म्हणजे खर्च वाचला, असेही वाटू शकते. ती भारतीय सैन्यात मिसळली, एवढेच. तिच्यातली एक पलटण 96 वी ‘बेरार इन्फंट्री’ झाली. पहिल्या महायुद्धानंतरच्या फेररचनेत ती 19 व्या हैदराबाद रेजिमेंटमध्ये गेली आणि 1945 साली त्या रेजिमेंटचे नाव ‘कुमाऊँ’ झाले.