शब्दांमधील जागा आणि ओळीची कडा

म्हैसूर येथे 1891 साली स्थापन झालेल्या प्राच्य ग्रंथालयात कौटिल्याच्या अर्थशास्त्राची ताडपत्रावरील पोथी 1905 साली आर. शामशास्त्री यांच्या हाती आली. अशा पोथ्यांतून अक्षरे बहुधा सलग लिहिलेली असतात. एक शब्द कोठे संपला व दुसरा कोठे सुरू झाला, हे वाचणाऱ्याने ठरवावयाचे असते. आपल्या मोडी लिपीची रीतही अशीच होती. लेखक आधी पानभर रेघ ओढी आणि मग तिला अक्षरे टांगीत जाई. ‘तीनगरे’ असे सलग लिहिले, तर ‘ती नगरे’ की ‘तीन गरे’ हे संदर्भावरूनच उमगावयाचे! शामशास्त्री यांनी संपादिलेला ग्रंथ 1909 साली छापून निघाला. तेव्हा पोथी उकलणाऱ्याचे हे काम वाचकाकरिता संपादकाने व जुळाऱ्याने आधीच करून ठेवले होते.

छापील पानाकडून आपण आणखी एक अपेक्षा करतो: दोन्ही कडा सरळ असाव्यात. शब्द मात्र लहानमोठे असतात. म्हणून ओळीअखेर उरलेली जागा शब्दांच्या मधे वाटून द्यावी लागते. पूर्वी जुळारी धातूचे पातळ तुकडे घालून ओळ भरीत असे; आता तेच काम संगणक करतो. समजा, 100 मि.मी. रुंदीच्या ओळीत सात शब्दांनी 88 मि.मी. जागा व्यापली. उरलेले 12 मि.मी. सहा फटींत वाटले, की प्रत्येकीच्या वाट्याला 2 मि.मी. येतात. तेच 60 मि.मी. च्या अरुंद स्तंभात चार शब्दांनी 48 मि.मी. घेतले, तर तीन फटी प्रत्येकी 4 मि.मी. रुंद होतात. अशा फटी लागोपाठच्या ओळींत एकाखाली एक आल्या, की मजकुरातून पांढऱ्या नद्या वाहू लागतात आणि डोळा ओळ सोडून त्यांच्यामागे जातो. मराठीत ‘विद्यार्थ्यांसाठीसुद्धा’ यांसारखे लांब शब्द पुष्कळ. त्यामुळे फटी थोड्या आणि म्हणून अधिक रुंद.

येथे एक चुकीचा उपाय सहज सुचतो, तो म्हणजे अक्षरांमधील अंतर वाढविणे. कन्नड लिपीत शिरोरेषा अखंड नसल्याने ते किंचित वाढले तरी खपून जाते. देवनागरीत मात्र शिरोरेषा तुटते, आणि ‘तीन’चे ‘ती न’ होते. म्हणून अक्षरांचे अंतर शून्यावरच ठेवावे, शब्दांतील जागेला मर्यादा घालावी (एका प्रचलित संगणक-कार्यक्रमात ती मूळ मापाच्या 80 ते 133 टक्के असते) आणि लांब शब्द प्रत्ययाच्या सांध्यावर तोडावा: विद्यार्थ्यां-साठीसुद्धा. जोडाक्षर मात्र कधीही तोडू नये.

डोनाल्ड क्नुथ व मायकेल प्लास यांनी 1981 साली मांडलेल्या रीतीत संगणक एकेक ओळ न भरता सबंध परिच्छेदाचा हिशेब एकदम करतो. पुढची ओळ विरळ होणार असेल, तर आधीची थोडी आवळतो. तरीही वर्तमानपत्राच्या अरुंद स्तंभात हिशेब जुळेलच असे नाही. तेथे उजवी कडा मोकळी सोडलेली बरी. परिच्छेदाची शेवटची ओळ तर कधीच ताणीत नाहीत.