घरची खानावळ सुरू करताना

शाळा-कॉलेजे सुरू झाली की माझ्या दवाखान्यात एक वेगळ्याच प्रकारचा रुग्ण येऊ लागतो. बहुधा तिशी-चाळिशीतली गृहिणी असते. तिला ना ताप असतो, ना खोकला. हातात एक कागद असतो आणि ती म्हणते, "डॉक्टर, डबे सुरू करतेय. एवढी फिटनेसची सही देता का?" मी म्हणतो, "सही देतो, पण आधी तपासू द्या." यावर काही जणी हिरमुसतात. सहीला एवढा वेळ कशाला, असे त्यांना वाटते. त्या कागदामागे काय आहे, हे सांगण्यासाठी आजचा लेख.

घरच्या चुलीवर संसार उभा करणे आपल्याकडे नवे नाही. मुंबईच्या गिरणगावात एका खोलीत राहून गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि त्यांना बँकेच्या कर्जाची वाट दाखवली. आज आपल्या तालुक्याच्या गावातही परगावचे विद्यार्थी, बदलीवर आलेले कर्मचारी आणि मुले परदेशी असलेली वृद्ध जोडपी डब्यावर जेवतात. मागणी आहे, हाताला चव आहे, भांडवलही थोडके लागते. मात्र घरच्या चार माणसांचा स्वयंपाक आणि तीस परक्या माणसांचा स्वयंपाक यांत फरक आहे. घरी चूक झाली तर एका घराचे पोट बिघडते, खानावळीत झाली तर अख्खे वसतिगृह आजारी पडते.

कायदा काय म्हणतो?

अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ सालचा आणि त्याची परवाना व नोंदणीची नियमावली २०११ सालची. घरून डबे देणेही या कायद्याच्या दृष्टीने अन्नव्यवसायच आहे. २०११ च्या नियमावलीत वर्षाला १२ लाख रुपयांपर्यंत उलाढाल असणाऱ्यांना लहान व्यावसायिक धरून परवान्याऐवजी साधी नोंदणी आणि वर्षाला १०० रुपये शुल्क ठरवले होते. मर्यादा आणि शुल्क यांत वेळोवेळी बदल होतात, म्हणून अर्ज भरण्यापूर्वी जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात चालू आकडा विचारून घ्यावा. अर्ज संगणकावरून करता येतो. फोटो, ओळखीचा पुरावा आणि जागेचा पुरावा ही मुख्य कागदपत्रे. मिळालेला १४ आकडी क्रमांक स्वयंपाकघरात दिसेल असा लावावा. मध्यस्थाला हजारो रुपये मोजण्याइतके हे काम अवघड नाही.

एक गोष्ट अनेक जणी विसरतात. घरगुती वापराचा १४.२ किलोचा लाल सिलिंडर व्यवसायाला वापरता येत नाही. व्यावसायिक १९ किलोचा निळा सिलिंडर घ्यावा लागतो. डब्याचा दर ठरवतानाच हा खर्च त्यात धरावा.

सही कशासाठी?

अन्न हाताळणाऱ्याची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व्हावी, असा नियम आहे. त्यात कातडी, डोळे आणि संसर्गजन्य आजार पाहायचे असतात, तसेच विषमज्वराच्या गटातील रोगांची लस घेतली आहे का तेही पाहायचे असते. विषमज्वर म्हणजे टायफॉइड. हा रोग बरा झाल्यावरही काही थोड्या माणसांच्या पित्ताशयात जंतू वर्षानुवर्षे राहतात. त्या माणसाला काही होत नाही, पण त्याच्या शौचावाटे जंतू बाहेर पडत राहतात आणि हात नीट धुतले नाहीत तर ते अन्नात उतरतात.

न्यूयॉर्कमधील मेरी मॅलन ही स्वयंपाकीण याचे जगप्रसिद्ध उदाहरण. तिला स्वतःला टायफॉइडचा त्रास झाल्याचे कधी आठवत नव्हते. १९०७ साली तिला वेगळे ठेवण्यात आले आणि पुन्हा स्वयंपाक करणार नाही या बोलीवर १९१० साली सोडण्यात आले. पण दुसरे काम तिला तेवढे पैसे देईना. ती नाव बदलून एका प्रसूतिगृहाच्या स्वयंपाकघरात लागली. १९१५ साली तिथे २५ जणांना टायफॉइड झाला आणि दोघे दगावले. मेरी दुष्ट होती असे मला वाटत नाही. तिला पोट होते आणि स्वयंपाकाशिवाय दुसरी कला नव्हती.

म्हणून ज्यांना पूर्वी टायफॉइड झाला आहे त्यांनी तो लपवू नये. शौचाची कल्चर तपासणी करून घेता येते आणि जंतू सापडले तर त्यावर औषधोपचार आहेत. लस जरूर घ्यावी, पण लस घेतली म्हणजे हात धुण्यातून सुटका झाली असे समजू नये.

बोटावरचे नखुरडे

माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंचे उदाहरण सांगतो. रोज बत्तीस डबे देतात. घरात मिळवणारे दुसरे कोणी नाही. एकदा अंगठ्याला नखुरडे होऊन पू झाला होता. त्याला चिंधी बांधून त्या कणीक मळत होत्या. मी काम बंद ठेवा म्हटले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. म्हणाल्या, "डॉक्टर, दोन दिवस डबा चुकला तर पोरं दुसरीकडे लागतात. पुन्हा येत नाहीत. फी कुठून भरू मुलीची?"

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पण पुवातील जंतूही खोटे नसतात. नखुरड्यात, गळवात, कधी नाकातसुद्धा स्टॅफिलोकोकस नावाचे जंतू असतात. ते अन्नात पडून वाढले की एक विष तयार करतात. पुन्हा उकळल्यावर जंतू मरतात, विष मात्र शिल्लक राहते. असे अन्न खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात.

शेवटी त्यांच्या जावेने आठवडाभर कणीक आणि भाज्या सांभाळल्या. बाईंनी बाजारहाट, हिशेब आणि डबे पोचवण्याची व्यवस्था पाहिली. एकही गिऱ्हाईक गेले नाही. तेव्हापासून मी सही मागायला येणाऱ्या प्रत्येकीला एकच प्रश्न विचारतो, "तुम्ही आजारी पडलात तर त्या दिवशी स्वयंपाक कोण करणार?" याचे उत्तर व्यवसाय सुरू होण्याआधी तयार हवे. जाऊ, नणंद, शेजारीण किंवा पलीकडच्या आळीतली दुसरी डबेवाली, कोणीही चालेल. दोघींनी अडीनडीला एकमेकींचे डबे सांभाळायचे ठरवले तर दोघींचीही सोय होते. त्या व्यक्तीची तपासणी आणि लसही आधीच उरकून घ्यावी. जुलाब किंवा उलट्या झाल्या असतील तर त्या थांबल्यानंतरही ४८ तास स्वयंपाकाला हात लावू नये.

घड्याळ आणि भात

अन्नातील बहुतेक जंतू ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात झपाट्याने वाढतात. म्हणजे अन्न वाफाळते गरम असावे किंवा फ्रिजमध्ये गार. कोमट अन्न सर्वांत धोक्याचे. शिजवलेले अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नये.

भाताची गोष्ट वेगळीच आहे. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात. भात शिजला तरी ते मरत नाहीत. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात ते वाढतात आणि तेही विष सोडतात. सकाळी फोडणी दिली तरी ते विष जात नाही. फोडणीचा भात करायचाच असेल तर उरलेला भात लगेच परातीत पसरून गार करावा आणि फ्रिजमध्ये ठेवावा. मोठ्या पातेल्यातील वरण किंवा आमटी तशीच झाकून ठेवली तर मध्यभागी कित्येक तास कोमट राहते. तीही लहान भांड्यांत वाटून, भांडी गार पाण्यात ठेवून निववावी.

डबा नऊला भरला आणि गिऱ्हाईक दोनला जेवणार असेल तर ओल्या खोबऱ्याची चटणी, दहीभात, कोशिंबीर देऊ नये. पोळी, सुकी भाजी, डाळीची किंवा शेंगदाण्याची कोरडी चटणी बरी. तळणाचे तेल काळे पडून धुरकटू लागले की टाकून द्यावे. तेल पुन्हा पुन्हा तापवण्यावर १ जुलै २०१८ पासून नियमाने मर्यादा आली आहे.

पाणी

पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येते आणि आठवडाभरात माझा दवाखाना कावीळ-जुलाबाच्या रुग्णांनी भरतो. पिण्याचे, कोशिंबीर धुण्याचे आणि ताक करण्याचे पाणी उकळलेलेच हवे. विहीर किंवा बोअरचे पाणी असेल तर ते सरकारी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. पाणी स्वच्छ दिसते म्हणून ते शुद्ध असते असे नाही.

स्वयंपाकिणीची तब्येत

शेवटी तुमच्याविषयी. पहाटे चारला उठणारी, सर्वांचे डबे भरून स्वतः दुपारी तीनला उरलेसुरले खाणारी बाई माझ्याकडे कंबर, टाचा आणि थकवा घेऊन येते. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन कमी असते. तिच्याच स्वयंपाकघरातून तीस जणांना सकस जेवण जात असते! पहिला डबा स्वतःसाठी भरून ठेवा आणि वेळेवर खा. ओटा कंबरेच्या उंचीचा करून घ्या, धुरासाठी पंखा बसवा आणि आठवड्यातून एक दिवस सुट्टी ठेवा. ही सुट्टी गिऱ्हाइकांना पहिल्या दिवशीच सांगितली तर कोणी कुरकुर करत नाही.

सुरुवात दहा डब्यांनी करावी. तुमचे पाणी, फ्रिज, ओटा आणि दोन हात यांना किती झेपते, ते महिनाभरात कळते. मगच अकरावा डबा घ्यावा.