मुंबई–अहमदाबाद द्रुतगती रेल्वेविषयीचा वाद आणि उल्हासनगर–अंबरनाथ–बदलापूर परिसर

मुंबई–अहमदाबाद द्रुतगती रेल्वे (प्रचलित नाव : बुलेट ट्रेन) हा भारतातील पहिला अतिजलद रेल्वेमार्ग असून त्याच्या खर्चावरून महाराष्ट्रात २०१७ पासून सार्वजनिक वाद चालू आहे. पालघर जिल्ह्यात हा वाद प्रामुख्याने जमिनीचा व ग्रामसभांच्या अधिकारांचा होता, तर मुंबईत खारफुटीचा आणि महागड्या भूखंडांचा. ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या शहरांमधून हा मार्ग जात नाही. तेथील प्रवाशांच्या दृष्टीने मात्र या वादात एक वेगळाच प्रश्न महत्त्वाचा ठरतो : उपनगरी रेल्वे अपुरी असताना प्राधान्य कशाला द्यावे?

प्रकल्प

मार्गाची लांबी ५०८ किलोमीटर असून त्यांपैकी सुमारे १५६ किलोमीटर महाराष्ट्रात आहेत. वांद्रे–कुर्ला संकुल, ठाणे, विरार व बोईसर ही महाराष्ट्रातील चार स्थानके होत. गाडीचा नियोजित वेग ताशी ३२० किलोमीटर आहे. १४ सप्टेंबर २०१७ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी व जपानचे तत्कालीन पंतप्रधान शिंझो आबे यांच्या हस्ते अहमदाबाद येथे भूमिपूजन झाले. त्या वेळी खर्चाचा अंदाज सुमारे १ लाख ८ हजार कोटी रुपये होता. त्यांपैकी सुमारे ८१ टक्के रक्कम जपानकडून ०.१ टक्के व्याजाने, ५० वर्षांच्या मुदतीच्या कर्जरूपाने मिळावयाची होती. पहिली १५ वर्षे परतफेड नाही. भागभांडवलात केंद्र सरकारचा वाटा १० हजार कोटी, तर महाराष्ट्र व गुजरात यांचा प्रत्येकी ५ हजार कोटी रुपयांचा आहे.

तीन शहरे आणि दोन रूळमार्ग

२०११ च्या जनगणनेनुसार उल्हासनगरची लोकसंख्या ५ लाखांहून अधिक, अंबरनाथची सुमारे अडीच लाख आणि बदलापूरची सुमारे पावणेदोन लाख होती. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या छावणीतून उभे राहिलेले उल्हासनगर आणि आयुध निर्माणीमुळे वाढलेले अंबरनाथ यांना स्वतःचे उद्योग आहेत. बदलापूरची अलीकडची वाढ मात्र मुंबई–ठाण्यात घर न परवडणाऱ्या नोकरदारांमुळे झाली. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून उल्हासनगर सुमारे ५८, अंबरनाथ ६० आणि बदलापूर ६८ किलोमीटर अंतरावर आहे. बदलापूरहून जलद लोकलनेही या प्रवासास साधारण दीड तास लागतो.

अडचणीचे मूळ गाड्यांच्या संख्येपेक्षा रूळांत आहे. कल्याणला मध्य रेल्वेच्या कसारा व कर्जत अशा दोन शाखा होतात. कल्याणपर्यंत लोकलसाठी जलद व धिम्या गाड्यांचे स्वतंत्र मार्ग आहेत; कर्जत शाखेवर मात्र पूर्वापार एक अप व एक डाऊन असे दोनच मार्ग आहेत आणि त्यांवरूनच लोकल, पुणे व दक्षिणेकडील लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्या धावतात. त्यामुळे गर्दीच्या वेळी नवी फेरी वाढवावयाची तर जुन्या एखाद्या गाडीची वेळ घ्यावी लागते. बसावयास जागा मिळावी म्हणून अंबरनाथ–उल्हासनगरचे काही प्रवासी आधी उलट दिशेने बदलापूरला जातात, हा याच टंचाईचा परिणाम होय.

वादाचा प्रारंभ

भूमिपूजनानंतर पंधराच दिवसांनी, २९ सप्टेंबर २०१७ रोजी, मुंबईतील एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा मृत्यू झाला. हा योगायोग वादाला निर्णायक वळण देणारा ठरला. उपनगरी रेल्वे सुधारेपर्यंत मुंबईत बुलेट ट्रेनची एक वीटही रचू देणार नाही, अशी भूमिका महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचे अध्यक्ष राज ठाकरे यांनी घेतली. दिल्ली मेट्रोचे शिल्पकार ई. श्रीधरन यांनीही २०१८ मध्ये ही गाडी सामान्यांच्या आवाक्याबाहेरची असल्याचे मत मांडले. देशाला आधुनिक, स्वच्छ, सुरक्षित व वेगवान अशा सर्वसाधारण रेल्वेची गरज आहे, असे त्यांचे म्हणणे होते. डिसेंबर २०१९ मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी प्रकल्पाच्या फेरआढाव्याचे आदेश दिले. २०२२ च्या मध्यास सरकार बदलल्यावर एकनाथ शिंदे यांच्या मंत्रिमंडळाने रखडलेल्या परवानग्यांचा मार्ग मोकळा केला. म्हणजे ठाणे जिल्ह्यातीलच एका नेत्याच्या कारकीर्दीत प्रकल्पाला गती मिळाली.

खर्चाची तुलना

मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या ३-अ टप्प्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने मार्च २०१९ मध्ये मंजुरी दिली. त्यातील कल्याण–बदलापूर तिसरी व चौथी मार्गिका सुमारे १४ किलोमीटर लांबीची असून तिचा अंदाजित खर्च १,५१० कोटी रुपये होता. बुलेट ट्रेनच्या मूळ अंदाजाच्या तुलनेत ही रक्कम सुमारे १.४ टक्के भरते. विरोधकांचा युक्तिवाद अशा आकड्यांवर उभा राहतो.

या तुलनेत एक दोष आहे, आणि समर्थक तो योग्यच दाखवून देतात. जपानचे कर्ज याच प्रकल्पासाठी आहे. प्रकल्प रद्द झाला असता तर ते पैसे लोकलकडे वळले नसते. परंतु हे उत्तरही अपुरे आहे. राज्याच्या वाट्याचे ५ हजार कोटी रुपये महाराष्ट्राच्याच तिजोरीतून जाणार आहेत आणि ते कल्याण–बदलापूर मार्गिकांच्या संपूर्ण अंदाजित खर्चाच्या तिपटीहून अधिक आहेत. शिवाय कर्ज येनमध्ये असल्याने रुपया घसरल्यास परतफेडीचा भार वाढतो. नाममात्र व्याजदराच्या चर्चेत हा मुद्दा बहुधा मागे पडतो.

भाड्याबाबत २०१८ मध्ये २५० ते ३,००० रुपयांचा अंदाज सांगण्यात आला होता; ठाणे ते वांद्रे–कुर्ला संकुल हा सुमारे १५ मिनिटांचा प्रवास २५० रुपयांचा. लोकलचा द्वितीय वर्गाचा महिनाभराचा पास काही शे रुपयांना मिळतो, हे लक्षात घेता रोजच्या नोकरदारासाठी हा पर्याय ठरत नाही. द्रुतगती मार्गाचे ठाणे स्थानकही ठाणे शहरात नसून दिव्याजवळच्या म्हातार्डी गावी आहे. बदलापूरकरांना तेथे पोहोचण्यासाठी कटाई–बदलापूर रस्ता किंवा तीच भरलेली लोकल, हेच मार्ग उपलब्ध आहेत.

वातानुकूलित लोकलविरोधी आंदोलन, २०२२

‘महागडी सेवा कोणासाठी?’ हा प्रश्न बदलापुरात प्रत्यक्ष फलाटावर उपस्थित झाला तो बुलेट ट्रेनमुळे नव्हे, तर वातानुकूलित लोकलमुळे. ऑगस्ट २०२२ मध्ये मध्य रेल्वेने साध्या लोकलच्या १० फेऱ्या वातानुकूलित केल्या. गाडी तीच वेळ पाळत असली, तरी साध्या पासावर तीत चढता येत नव्हते. साहजिकच मागच्या गाडीत दुप्पट गर्दी होऊ लागली. कळवा व बदलापूर येथे प्रवाशांनी आंदोलन केले आणि २५ ऑगस्टपासून या १० फेऱ्या मागे घेण्यात आल्या. आंदोलकांचा रोख वातानुकूलनावर नव्हता. नवी सेवा जुनीच्या जागी आली, अधिकची म्हणून आली नाही, ही त्यांची तक्रार होती. पुरेसे रूळ नसताना दुसरे काही होणेही कठीण होते.

९ जून २०२५ रोजी दिवा–मुंब्रा दरम्यान परस्परविरुद्ध दिशांनी जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकणारे प्रवासी खाली पडून किमान चार जणांचा मृत्यू झाला. त्यांपैकी एक गाडी कर्जतहून, म्हणजे याच तीन शहरांतून, आली होती. या दुर्घटनेनंतर प्राधान्यक्रमाची चर्चा पुन्हा सुरू झाली.

जपानचा दाखला

समर्थक जपानच्या शिन्कान्सेनचा दाखला देतात. टोकियो–ओसाका मार्ग ऑक्टोबर १९६४ मध्ये सुरू झाला, तेव्हा त्यावरही उधळपट्टीचा आरोप होत होता. खर्च मूळ अंदाजाच्या जवळपास दुप्पट झाल्याने जपानी राष्ट्रीय रेल्वेचे अध्यक्ष शिन्जी सोगो व मुख्य अभियंता हिदेओ शिमा यांना उद्घाटनापूर्वीच पद सोडावे लागले. पुढे तो मार्ग यशस्वी ठरला. या दाखल्याचा दुसरा भाग मात्र क्वचितच सांगितला जातो. १९६५ पासून त्याच रेल्वेने टोकियोच्या पाच दिशांना जाणाऱ्या उपनगरी मार्गांचे चौपदरीकरण मोठ्या प्रमाणावर हाती घेतले.

सद्यस्थिती

द्रुतगती मार्ग २०२२ पर्यंत सुरू करण्याचे प्रारंभीचे उद्दिष्ट हुकले. आता गुजरातमधील पहिला टप्पा ऑगस्ट २०२७ मध्ये सुरू करण्याचे लक्ष्य आहे. महाराष्ट्रात वांद्रे–कुर्ला संकुल ते शिळफाटा हा २१ किलोमीटरचा बोगदा असून त्यातील ७ किलोमीटर ठाणे खाडीखालून जातात. त्याच्या घणसोली–शिळफाटा भागाचे खोदकाम सप्टेंबर २०२५ मध्ये आरपार पोहोचले. कर्जत शाखेवर कल्याण–बदलापूर मार्गिकांबरोबरच अंबरनाथ व बदलापूर यांदरम्यान चिखलोली हे नवे स्थानक नियोजित आहे. बदलापूर–कर्जत या ३२ किलोमीटरच्या तिसऱ्या व चौथ्या मार्गिकेस केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२५ मध्ये मंजुरी दिली.