‘टाकी’ या शब्दाचे अर्थ

‘टाकी’ म्हटले की पाण्याची टाकीच प्रथम डोळ्यांपुढे येते. परंतु पाथरवटाची टाकी निराळी. ती दगड घडविण्याची पोलादी छिन्नी होय. हा शब्द संस्कृत ‘टंक’ यापासून आला. टंक म्हणजे नाणे असाही अर्थ असून ‘टांकसाळ’ हा त्याचाच सोयरा आहे.

हत्याराचे नाव पुढे कामासही मिळाले. आमच्या जामखेड तालुक्यातील खर्ड्याच्या किल्ल्याचे चिरे पाहावेत. खाणीतील ओबडधोबड दगड टाकीने सपाट झाला, तेव्हाच तो भिंतीत नीट बसला. येथे टाकी म्हणजे कामाची अखेरची सफाई.

जात्याला टाकी लावणे ही मात्र दुरुस्ती. दळून दळून दगड गुळगुळीत होतो. मग दाणा भरडला न जाता घसरतो व पीठ जाडसर पडते. टाकी लावणारा टाकारी दगडाच्या आतल्या बाजूस बारीक खाचा पाडी, की जाते पुन्हा दळू लागे. पहिल्या दळणात दगडाची कच येई, म्हणून ते माणसांनी खावयाचे नसे. पिठाच्या गिरणीतील दगडांनाही अशीच टाकी द्यावी लागते.

चिरा सपाट करते ती टाकी आणि जाते खरखरीत करते तीही टाकीच! टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, ही म्हण आपण मुलांस सांगतो. जाते त्यापुढचे सांगते: जे रोज उपयोगी पडते तेच झिजते, आणि त्यालाच पुन्हा टाकी लागते. शाळा संपली म्हणून शिकणे संपत नाही, ते याचसाठी.