आसनगावहून वर, तटाच्या आत

युरोपची सहल करून आलेल्या मंडळींचे अल्बम चाळले, की तटबंदीतल्या एखाद्या जुन्या गावाचे पान त्यात हटकून सापडते. कधी फ्रान्समधले कार्कासॉन, कधी जर्मनीतले रोथेनबुर्ग. पुढे छत्री उंच धरलेला गाइड, मागे आपली वीस-पंचवीस माणसे, आणि प्रत्येक वेशीपाशी, प्रत्येक विहिरीपाशी थांबून ऐकलेली गोष्ट. रोथेनबुर्गला तर रात्री कंदील आणि भाला घेतलेला पहारेकरी पाहुण्यांना गल्लीबोळांतून हिंडवतो. परत आलेले लोक त्याचे वर्णन महिनाभर करतात, आणि करावेच. पैसे मोजून ऐकलेली गोष्ट लक्षात राहते. गंमत एवढीच, की यातल्या कित्येकांनी कसाऱ्याच्या गाडीतून जाताना आसनगावच्या आसपास डाव्या हाताला दिसणारा माहुलीचा डोंगर शंभरदा पाहिलेला असतो. त्या डोंगरावरही तट आहे, दरवाजे आहेत, वाड्याची जोती आहेत, देऊळ आहे, तलाव आहे. तिथे छत्रीवाला गाइड मात्र नाही.

माहुली म्हणजे एक किल्ला नव्हे. उत्तरेला पळसगड, मधे माहुली आणि दक्षिणेला भंडारगड, असे तीन गड एकाच डोंगराच्या माथ्यावर खांद्याला खांदा लावून उभे आहेत. मधल्या खिंडी इतक्या खोल, की खालून पाहणाऱ्याला डोंगर करवतीने कापल्यासारखा वाटतो. १६६५ साली पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांना जे तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यांच्या यादीत ही तीन नावे वेगवेगळी मोजलेली आहेत. मिर्झाराजे हिशेबाला पक्के होते, असेच म्हणायचे! तिन्ही मिळून उंची समुद्रसपाटीपासून सुमारे २८०० फूट. कड्यापासून सुटून उभ्या राहिलेल्या सुळक्यांना गावकऱ्यांनी नवरा, नवरी, भटजी अशी नावे दिली आहेत. सबंध लग्नच त्या डोंगरावर खोळंबून राहिले आहे.

पायथ्याच्या माहुली गावातून देवळापाशी वाट सुरू होते. वाट आहे म्हणून वाटाड्या लागत नाही, असे समजणारे पुष्कळ. पण हे तानसा अभयारण्याचे रान आहे. गुरांच्या वाटा आणि माणसांच्या वाटा त्यात एकमेकींत अशा मिसळतात, की नवखा माणूस तासाभरात त्याच पळसापाशी परत येतो. गावातला, ठाकर किंवा कातकरी वस्तीतला एखादा तरुण बरोबर घ्यावा. तो पुढे चालू लागला, की आपली चाल आपोआप बदलते. तो बोलत नाही, आधी दाखवतो. या झाडाची साल, त्या दगडाखालचे पाणी, अस्वलाने नव्हे तर रानडुकराने उकरलेली माती. २०१४ मध्ये याच तानसाच्या जंगलात रानपिंगळा दिसल्याची नोंद झाली. या घुबडाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १८८४ नंतर ते कुणा अभ्यासकाला दिसलेच नव्हते, नामशेष झाले असे धरून चालले होते, आणि १९९७ मध्ये खानदेशात ते पुन्हा सापडले. मुंबईपासून इतक्या जवळ ते राहते आहे, हे कळायला आणखी सतरा वर्षे गेली.

दोन-अडीच तासांच्या चढणीनंतर शेवटी लोखंडी शिडी येते. ती चढून वर गेले, की आपण तटाच्या आत असतो. इथे पहिल्यांदा येणाऱ्याची थोडी निराशा होते, हे सांगून टाकलेले बरे. कार्कासॉनसारखे टोकदार टोपीचे बुरूज इथे नाहीत. पण तिथले बरेचसे टोक तरी कुठे जुने आहे? एकोणिसाव्या शतकात व्हियोले-ल्यु-द्युक नावाच्या वास्तुविशारदाने ते सारे पुन्हा उभारले, आणि छपरांवरून तेव्हापासून वाद चालू आहे. माहुलीवर जे आहे ते पडके आहे, पण खरे आहे. कोसळलेला महादरवाजा, त्याच्या आतल्या पहारेकऱ्यांच्या देवड्या (मुक्कामाला येणारे अजूनही इथेच पथारी पसरतात), झाडीत बुडालेली वाड्याची जोती, माहुलेश्वराच्या देवळाचे अवशेष, नमाज पढण्याची जागा, तलाव. भंडारगडाकडे गेले, की कातळात खोदलेल्या पायऱ्यांचा कल्याण दरवाजा. नावातच त्याची दिशा आहे.

आता गोष्ट. वाटाड्याला विचारले, तर तो बहुधा एवढेच सांगतो की इथे लहानपणी शिवाजी महाराज राहिले होते. तशी परंपरा आहे खरी. पण त्या मागची हकिगत तटावर बसून सविस्तर ऐकण्याजोगी आहे. निजामशाही बुडत चालली होती. शहाजीराजांनी त्या घराण्यातल्या एका लहान मुलाला गादीवर बसवून, त्याच्या नावाने सुमारे तीन वर्षे राज्य चालवले. शहाजहान स्वतः दक्षिणेत उतरला, विजापूरच्या आदिलशहाशी त्याने १६३६ मध्ये तह केला, आणि कालपर्यंत एकमेकांशी लढणाऱ्या दोन्ही फौजा एकट्या शहाजीराजांच्या मागे लागल्या. मोगलांकडून खानजमान, आदिलशाहीकडून रणदुल्लाखान. गडामागून गड सुटत गेले आणि राजे अखेर माहुलीवर आले. कोकणातल्या पोर्तुगीजांकडे त्यांनी मदत मागितली. ती मिळाली नाही. पावसाळा वेढ्यातच गेला आणि मग गड द्यावा लागला. निजामशाहीचा तो बालराजा मोगलांच्या हवाली झाला, राजे आदिलशाही चाकरीत गेले. एका राज्याचा शेवटचा दिवस ज्या जागी झाला, ती जागा ही. जिजाबाई आणि सहा वर्षांचे शिवबा त्या वेढ्यात गडावर होते, हे परंपरेप्रमाणे धरले, तर पुढच्या सगळ्या इतिहासाकडे पाहण्याची आपली नजर थोडी बदलते. पराभव कसा दिसतो, हे त्या मुलाने सहाव्या वर्षी पाहिले असणार.

पुढे १६७० मध्ये, पुरंदरच्या तहात गेलेले किल्ले परत घेण्याची मोहीम सुरू झाली, तेव्हा फेब्रुवारीत मराठ्यांनी रात्रीच्या वेळी माहुलीवर चढाई केली. किल्लेदार होता मनोहरदास गौड नावाचा रजपूत, आणि तो सावध होता. हल्ला फसला, पुष्कळ माणसे पडली. आपल्याकडच्या गोष्टींत हा प्रसंग फारसा येत नाही. सिंहगडाच्या विजयाला तेव्हा जेमतेम महिना होत आला होता, साऱ्यांचे लक्ष तिकडे. पण मनोहरदासाने पुढे गडाचा कारभार सोडला आणि १६ जून १६७० रोजी तिन्ही गड मराठ्यांकडे आले. ज्या कड्यावरून ती माणसे चढली, तो कडा दिवसाउजेडी वरून पाहिला तरी पाय गारठतात.

तटावरून तानसा तलावाचे पाणी चकाकताना दिसते. हे पाणी १८९२ पासून मुंबईला जात आहे. तालुक्याच्या दुसऱ्या अंगाला भातसा, जिच्यावर मुंबईच्या पाण्याचा जवळजवळ निम्मा भार आहे. आणि याच शहापूर तालुक्यातल्या कित्येक गावपाड्यांनी वर्षानुवर्षे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली आहे. डोक्यावर दोन हंडे घेऊन चढणाऱ्या बाईला तलाव दिसतो, नळ दिसत नाही. गडावर मात्र खडकात खोदलेली टाकी आहेत. पाणी पडते तिथेच अडवायचे, ही साधी गोष्ट किल्ला बांधणाऱ्यांना कळत होती. गाळाने भरलेली टाकी उपसून साफ करण्याचे काम हौशी तरुणांच्या गटांनी ठिकठिकाणच्या किल्ल्यांवर केले आहे. मला विचाराल, तर पडका बुरूज सिमेंटने बांधण्यापेक्षा हे काम कितीतरी मोलाचे.

शेजारच्या मुरबाड तालुक्यात गेले, तर हीच कहाणी दुसऱ्या रंगाने सामोरी येते. सिद्धगडाच्या माचीवर, गडाच्या दरवाजाच्या आत, सिद्धगडवाडी वसली. तटातले गाव म्हणतात ते हे, फक्त गवती आणि कौलारू छपरांचे. त्या रानात २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. कोतवाल माथेरानचे, शिकून वकील झालेले. बेचाळीसच्या लढ्यात आझाद दस्ता उभारून त्यांनी मुंबईकडे जाणारे विजेचे मनोरे पाडले. आजही २ जानेवारीला माणसे तिथे जमतात. आणि वैशाखऱ्याहून नाणेघाट चढला, तर दोन हजार वर्षे मागे जाता येते. वर सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख, यज्ञांत दिलेल्या गाईंचे आणि कार्षापणांचे आकडे कोरलेला, आणि जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण. घाटमाथा जुन्नर तालुक्यात, पायथा मुरबाडात. सीमारेषा माणसाची, वाट बैलांची.

मुद्दा वाटाड्यांचा आहे. गडाखालच्या तरुणाला इतिहासातले पाच प्रसंग नीट सांगता यावेत, एवढी तयारी करून घेणे कुणालाही अशक्य नाही. रान तो आपल्याला शिकवेलच. पण आपण त्याला काय देतो? मुंबईहून येणारी मंडळी गाडीच्या पेट्रोलला हजार रुपये खुशाल मोजतात आणि दिवसभर पुढे चाललेल्या पोराशी पन्नास रुपयांवरून घासाघीस करतात. पुढे तो पोरगा भिवंडीच्या गोदामात हमालीला जातो, आणि वाड्याचे जोते कोणते, देवळाचे कोणते, हे सांगणारा गडाखाली एक माणूस कमी होतो. तट दगडाचा आहे, तो आणखी काही पावसाळे काढील.

जायचे असेल, तर डिसेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. कसाऱ्याची पहाटेची गाडी धरून आसनगावला उतरावे. माहुली गाव तिथून पाच-एक किलोमीटर, रिक्षा मिळते. माणशी तीन लिटर पाणी घ्यावे, वरच्या टाक्यांच्या भरवशावर राहू नये. लहान मुले बरोबर असतील, तर शिडीपाशी त्यांना मधे घ्यावे. तिन्ही गड एका दिवसात होत नाहीत, हे आधीच मान्य करावे. वाटाड्याशी पैसे निघण्यापूर्वी ठरवावेत, आणि दुपारच्या भाकरीला त्यालाही बोलवावे; डोंगरातल्या बहुतेक गोष्टी तेव्हाच निघतात.