सोमवारची पोटदुखी

प्राथमिक शाळेतल्या पोटदुखीला वार असतो. सोमवारी ती जास्त, दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडते त्या आठवड्यात जास्त, आणि पाढे म्हणून दाखवायचे असतील त्या दिवशी तर परिपाठ संपायच्या आतच दोघे-तिघे पोट धरून दाराशी उभे. ‘सर, पोट दुखायलंय.’ ‘बाई, उलटीसारखं होतंय.’ नेमके कुठे दुखते विचारले तर मूल बेंबीभोवती हात फिरवते. घरी पाठवले की तासाभरात तेच मूल गल्लीत गोट्या खेळताना दिसते, आणि शाळेत निकाल लागतो: नाटकी आहे.

दुखणे खरे असते. वारंवार पोट दुखते म्हणून डॉक्टरांकडे आणलेल्या या वयातल्या बहुतेक मुलांच्या पोटात शोधूनही काही सापडत नाही, तरीही ते खरे असते. मेंदू आणि आतडी यांच्यात मज्जातंतूंची ये-जा दोन्ही बाजूंनी चालते. धास्ती बसली की शरीर पळायच्या तयारीला लागते, पचन मागे पडते, आतड्यांची हालचाल बदलते आणि पोटात गोळा येतो. मोठी माणसे अशा वेळी ‘टेन्शन आलंय’ म्हणून मोकळी होतात. सात वर्षांच्या मुलाजवळ फार तर ‘कसंतरी होतंय’ एवढेच शब्द असतात.

रात्री झोपेतून उठवणारी कळ, घटणारे वजन, ताप, थांबत नसलेल्या उलट्या, शौचातून रक्त, यांतले काही असेल तर सरळ डॉक्टर गाठायचा. नसेल तर घरी पाठवणे हा सर्वांत सोपा आणि बहुतेक वेळा चुकीचा उपाय. घरी गेल्या गेल्या दुखणे थांबते आणि मुलाचे शरीर शिकते की शाळेपासून लांब गेले की बरे वाटते. पुढच्या खेपेला पोट रविवारी संध्याकाळीच दुखू लागते. उलटे टोकही वाईटच. ‘काही होत नाही, बस गप’ म्हणून दामटले की इथे सांगून उपयोग नाही, हे मूल ओळखते आणि सांगायचे थांबते. मधला रस्ता कंटाळवाणा आहे. त्याच्या म्हणण्यावर विश्वास ठेवायचा, पाणी द्यायचे, पाच-दहा मिनिटे जवळ बसवायचे, पुन्हा जागेवर पाठवायचे आणि कुठल्या वेळी दुखले ते लिहून ठेवायचे. काही आठवड्यांनी त्या नोंदी बोलू लागतात. दुखणे दर वेळी गणिताच्या तासाआधीचे असेल तर प्रश्न अभ्यासाचा आहे. मधल्या सुट्टीआधीचे असेल तर मैदानावर कोण अडवते ते पाहायचे. मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी नाही, एवढेही कारण निघू शकते, आणि ते निघाले तर उपाय सुताराकडे असतो.

यातले एकही काम मानसोपचारतज्ज्ञाचे नाही. रोज तेच मूल, तीच जागा, तोच आवाज पाहणाऱ्या-ऐकणाऱ्या वर्गशिक्षकाचे ते आहे. आपल्या योजना मात्र त्याला आणि त्याच्या वर्गातल्या मुलांना ओलांडून पुढे जातात. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात मुलांचा विचार झाला तो १३ ते १७ या वयोगटापुरता. त्यांतल्या ७.३ टक्के किशोरांमध्ये मानसिक विकार आढळले. त्याहून लहानांचा आकडाच त्यात नाही. आयुष्मान भारतमधला शालेय आरोग्य कार्यक्रम फेब्रुवारी २०२० मध्ये जाहीर झाला. प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून तयार करायची त्याची कल्पना चांगली, पण सुरुवात उच्च प्राथमिक वर्गांपासून. त्याच वर्षी जुलैत मानसिक आधारासाठी ‘मनोदर्पण’ची मदतवाहिनी आली, पण पहिलीतले मूल मदतवाहिनीला फोन करत नाही. दहावीच्या निकालाच्या सुमारास वर्तमानपत्रांतून समुपदेशकांचे क्रमांक छापून येतात. तिसरी-चौथीच्या मुलांसाठी कोणी काही छापल्याचे मला आठवत नाही. आणि जागतिक आरोग्य संघटना तर सांगते की मानसिक आजारांपैकी निम्म्यांची सुरुवात वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत झालेली असते.

राज्याने काहीच केले नाही, असे नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असे परिपत्रक निघाले. तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या झोपेचा मुद्दा काढला होता, त्यातून ते आले. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते. घरात अकरापर्यंत टीव्ही चालू आणि सकाळी साडेसहाला रिक्षावाले काका दारात, या हिशेबात ती बसत नाही. अपुऱ्या झोपेचे मूल चिडके, रडके, अस्वस्थ होते आणि मग त्याच्या स्वभावावर चर्चा होते. दोन सत्रांत भरणाऱ्या शाळांनी खोल्यांची आणि बसची अडचण पुढे केली, आणि ती खोटी नव्हती. तरी अलीकडच्या आदेशांत मला हाच सर्वांत शहाणा वाटतो. त्यात शिक्षकाला काही भरून पाठवायचे नव्हते. पाठोपाठ मार्चमध्ये पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ आला. प्राणायाम, ध्यान, खेळ, गोष्टी. वाईट त्यात काही नाही. पण शुक्रवारी ज्याला सर्वांसमोर ‘ढ’ म्हटले, त्याला शनिवारी डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायला सांगण्यात काय हशील?

यापेक्षा खोल गेलेला उपक्रम बीडमध्ये सुरू झाला होता. शांतिलाल मुथ्था फाउंडेशनने २००९ मध्ये तिथल्या जिल्हा परिषदेच्या ५०० शाळांमध्ये ‘मूल्यवर्धन’ सुरू केले आणि पुढे शासनाने ते राज्यभर नेले. उद्देश नागरिक घडवण्याचा, मानसिक आरोग्य हा त्यावरचा शिक्का नव्हता. पण मुले जोडीत आणि गटात बसतात, एक बोलतो तेव्हा दुसरा ऐकतो, भांडण कसे मिटवायचे ते आपसांत ठरवतात. एरवी ज्याचा आवाज फक्त हजेरीला ‘हजर’ म्हणताना निघतो, त्याला बोलायला जागा मिळते. लहान वयात मनाची काळजी घेणे म्हणजे बरेचसे एवढेच असते.

आणि बीडच्या मुलांना या जागेची गरज इतरांपेक्षा जास्त आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी मुकादमाच्या टोळ्या निघतात. उचल आधीच घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पलीकडे कर्नाटक. ऊसतोड संपून परत यायला मार्च-एप्रिल उजाडतो. मुलांपुढे दोनच वाटा. आईबापांसोबत जायचे, कोपीत राहायचे, धाकट्याला सांभाळायचे आणि परत आल्यावर आपल्याच वर्गात परक्यासारखे बसायचे. किंवा गावात आजी-आजोबांजवळ राहायचे. हंगामी वसतिगृहाची योजना या दुसऱ्या मुलांसाठी आहे. अनेक गावांत तिचे रूप शाळेत दोन्ही वेळचे जेवण आणि झोपायला आजीचे घर असे असते. पोटाची सोय होते, हे थोडे नाही. स्थलांतराची चर्चा गळतीच्या आकड्यांपाशी थांबते, म्हणून त्यापुढचे सांगायला हवे.

या वयात मुलाला घरात जे घडते ते आपल्यामुळेच घडले असे वाटू शकते. आई गेली, कारण मी वहीसाठी हट्ट केला. बाप रागावून गेला, आता येणार नाही. हे ते कोणाला बोलून दाखवत नाही. ते दुसरीतून पुन्हा बालवाडीत गेल्यासारखे वागू लागते. अंथरूण ओले होते, अंगठा तोंडात जातो, आजीचा पदर सुटत नाही. दुसरे एखादे नोव्हेंबरपासून दिसेल त्याला मारत सुटते, आणि मारकुटा म्हणून शेवटच्या बाकावर जाते. तिसरे एकदम शहाणे होते, दहा वर्षांची मुलगी आजीची औषधे आणि धाकट्याचे दप्तर सांभाळू लागते आणि सगळे तिचे कौतुक करतात. या तिघांत सर्वांत कमी लक्ष तिच्याकडे जाते. हंगाम संपून आई परत आली की सारे आपोआप सुरळीत होते, असेही नाही. काही मुले पहिले काही दिवस आईजवळ जात नाहीत. तो राग असतो, आणि तो राग धरायला मुलाला मुभा हवी.

अशा वर्गात शिक्षकाने करायच्या गोष्टी साध्या आहेत. आईबाप कुठे गेलेत, कशासाठी, साधारण केव्हा येतील, हे मुलाला सरळ सांगायचे. ‘येतील उद्या’ असे फसवायचे नाही. त्यांच्या जाण्यात तुझी काही चूक नाही, हे न विचारता सांगायचे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करू द्यायच्या. आठवड्यातल्या एका ठरलेल्या दिवशी शाळेतून आईला फोन लावून द्यायचा. यात फोनइतकाच ठरलेला दिवस महत्त्वाचा. कधीतरी येणाऱ्या फोनसाठी मूल रोज झुरते. बुधवारी येणाऱ्या फोनची ते वाट पाहू शकते.

मुलांमधले असे बदल लक्षात यायला लागणारी साधने कपाटात पडलेली आहेत. राज्यात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे आणि त्यात प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी करायच्या असतात: आवड, छंद, वर्तन, सुधारणा आवश्यक असलेल्या बाबी. एका मुलाबद्दल दोन-चार खरी वाक्ये लिहायची म्हणजे त्याच्याकडे वर्षभर पाहावे लागते, आणि कल्पनेमागचा विचारही तोच होता. प्रत्यक्षात तयार नोंदींच्या पुस्तिका मिळतात, व्हॉट्सॲपवर पीडीएफ फिरतात, आणि ‘शालेय उपक्रमात उत्साहाने सहभागी होतो’ हे वाक्य पन्नास मुलांवर फिरवले जाते. जो सप्टेंबरपासून एक शब्द बोललेला नाही, तोही कागदावर उत्साहाने सहभागी होत असतो. हजेरीपटाचेही तसेच. महिन्याच्या शेवटी आपण टक्केवारी काढतो. गैरहजेरीचे वार कोणी पाहत नाही. पोषण आहाराच्या पंगतीत कोण खिचडी चिवडत बसतो आणि कोण अधाशासारखे खातो, हे वाढणाऱ्या मावशींना माहीत असते. त्यांना विचारायची पद्धत नाही.

गप्प मुलाचा घोटाळा वेगळाच. दंगेखोर मूल शिक्षकाला त्रास देते म्हणून त्याच्यावर उपाय शोधले जातात. गप्प मूल कोणाला त्रास देत नाही. घरी घडाघडा बोलणारे आणि शाळेत महिनोन् महिने तोंड न उघडणारे मूल हट्टी नसते. पुष्कळदा ती चिंता असते, आणि ‘बोल, नाहीतर बाकावर उभा राहा’ म्हटल्याने ती घट्ट होते. मात्र मेळघाटातले कोरकू बोलणारे किंवा नंदुरबारकडचे पावरी बोलणारे मूल पहिलीत गप्प असेल, तर आधी त्याच्या भाषेतला एखादा शब्द शिक्षकाने बोलून पाहावा. तिथे बहुधा मनात बिघाड नसतो, पुस्तक परके असते.

अभ्यासात मागे राहणाऱ्यांचे दुःख यातच येते. अध्ययन अक्षमतेचे निदान साधारण आठव्या वर्षापर्यंत केले जात नाही, कारण तोवर काही मुले नुसतीच सावकाश शिकत असतात. म्हणजे पहिली-दुसरीची दोन वर्षे मूल निदानाशिवाय काढते, आणि त्या दोन वर्षांत ‘लक्ष देत नाही’, ‘आळशी आहे’ ही निदाने मात्र होऊन जातात. ‘तारे जमीन पर’ पाहून २००७ मध्ये आपण सगळे रडलो होतो. शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करते. छडी बरीचशी गेली. हुशारांची रांग आणि ढ मुलांची रांग काही वर्गांत अजून आहे.

यावर शिक्षक जे उत्तर देतात ते ऐकायला हवे, कारण ते बरोबर आहे. त्याच कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. म्हणजे वाडीवस्तीवर पहिली ते चौथी असे चार वर्ग आणि दोघे जण. एक केंद्रावर बैठकीला गेला की उरलेला चारही वर्ग सांभाळतो, खिचडीचा हिशेब ठेवतो आणि ‘माहिती तातडीने भरा’ म्हणून आलेली लिंक उघडतो. कलम २७ शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढीच अशैक्षणिक कामे देऊ देते, पण मतदार याद्यांचे काम त्याच दारातून वर्षभर आत येत राहते. पोट धरून उभ्या असलेल्या मुलाला दहा मिनिटे जवळ बसवायला आधी ती दहा मिनिटे हवीत. शासनाला मुलांच्या मनासाठी खरोखर काही करायचे असेल, तर मी नव्या उपक्रमाआधी ही मिनिटे मागेन.

काही मुलांना शिक्षकाच्या पलीकडची मदत लागते. दोन-तीन आठवडे न हटणारी उदासी, स्वतःला इजा करणे, मरण्याचे बोलणे, येत असलेले बोलणे-चालणे विसरणे, एखाद्या माणसाची अचानक बसलेली भीती. शेवटच्या बाबतीत अत्याचाराची शंका मनात आणावीच लागते आणि १०९८ या बाल मदतवाहिनीला कळवावे लागते. विकासातील अडचणींसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत येते. त्या दिवशी दात आणि डोळे तपासून झाले की न बोलणाऱ्या मुलाचे नावही शिक्षकाने पुढे करावे. पुढची तपासणी जिल्हा पातळीवरच्या केंद्रात होते. तालुक्याला बालमानसतज्ज्ञ सापडणे अवघड, म्हणून मधल्या काळात १४४१६. ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही. मुलाचे नाव न घेता शिक्षकही तिथे सल्ला विचारू शकतात. मुख्याध्यापकांची परवानगी लागत नाही आणि कुठे माहितीही भरून पाठवावी लागत नाही.