काटेरी हलव्याचे लेणे

अलंकार म्हटला की तो पेटीत जपून ठेवावयाचा आणि पुढे लेकीसुनांच्या हाती सोपवावयाचा, अशी आपली रीत आहे. मकरसंक्रांतीचे हलव्याचे दागिने मात्र या रीतीला गोड अपवाद होत. एका सायंकाळपुरते अंगावर मिरवावे आणि मग घरादाराने वाटून खावे, इतकेच त्यांचे आयुष्य! तरीही नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीस सोन्याहून अधिक कौतुक होते ते त्यांचेच. काळ्या चंद्रकळेवर शुभ्र हलव्याची चिंचपेटी, तन्मणी, बाजूबंद, नथ आणि कंबरपट्टा ल्यालेली गृहलक्ष्मी पाहून कोणाचे डोळे निवणार नाहीत? जावयाच्या वाट्याला हार, गुच्छ व श्रीफळ येते, तर बोरन्हाणाच्या बाळाला मुकुट आणि बासरी.

हे लेणे घडविणे मात्र सोपे नाही. खसखस, तीळ, साबुदाणा, लवंग, मगजबी यांपैकी जे हाती असेल ते परातीत घेऊन परातीखाली अगदी मंद विस्तव ठेवावयाचा. दूध घालून मळी काढलेला साखरेचा एकतारी पाक चमचाचमचाने त्यावर सोडावयाचा आणि बोटांनी दाणे सतत फिरवीत राहावयाचे. पहिला पाक सुकल्यावाचून दुसरा घालावयाचा नाही. घाई केली की दाण्यांचा गोळा होतो. विस्तव वाढला की साखर पिवळी पडते. असे तासन् तास, कित्येकदा दोन-तीन दिवस चालल्यावर दाण्यावर तो नाजूक काटा उभा राहतो. पहाटेच्या कोरड्या थंडीत काटा चांगला येतो आणि आभाळ भरून आले की रुसतो, असे जाणत्या स्त्रिया सांगतात. बोटांची आग होते ती वेगळीच.

मग दाण्यांची निवड. नथीला खसखशीचा बारीक दाणा, माळेला साबुदाण्याचा, लोंबत्या झुब्यांना लवंगेचा, फुलांच्या पाकळ्यांना मगजबीचा. अलीकडे जावयासाठी हलव्याचे मनगटी घड्याळ आणि चक्क मोबाइलही निघाले आहेत. सणाला थोडी थट्टा शोभते. आम्हांस त्यात काही वावगे दिसत नाही.

आमची तक्रार आहे ती डिंकाविषयी. बाजारी संचांतील पुष्कळ दागिने पुठ्ठ्यावर चिकटविलेले असतात, आणि काहींत तर हलव्याबरोबर प्लॅस्टिकचे मणी बेमालूम मिसळलेले असतात. असा दागिना ना जपता येतो, ना खाता येतो. सण सरला की तो केरात जातो. ज्या घरी वेळ नाही त्यांनी तयार दागिने अवश्य घ्यावेत (अनेक गृहिणींचा संसार या उद्योगाला हातभार लावून चालतो), परंतु ते दोऱ्यात ओवलेले आहेत ना, एवढे पाहून घ्यावे. बोरन्हाणात तर हे फारच महत्त्वाचे. बाळाच्या हाती जे लागते ते तोंडात जाते. मणीच काय, हलव्याचा कठीण दाणा किंवा शेंगदाणासुद्धा तान्ह्याच्या श्वासनलिकेत अडकू शकतो. बोरे, उसाचे करवे आणि हलवा यांची लूट मोठ्या मुलांनी खुशाल करावी. चिमुकल्या उत्सवमूर्तीच्या डोक्यावर मात्र चुरमुरे ओतावेत, आणि कोणीतरी तिच्याजवळ बसून राहावे.

रथसप्तमीपर्यंत चालणाऱ्या हळदीकुंकवात जे वाण लुटतात ते टिकाऊ असते. देणारणीचे नाव कोरलेल्या स्टीलच्या वाट्या अनेक घरांतील फडताळांत आजही ओळीने दिसतात. वरण वाढताना नाव वाचावे आणि ती काकू आठवावी, असा तो संग्रह! हलव्याच्या वाटेला असे फडताळ येत नाही.

म्हणूनच समारंभ आटोपल्यावर त्याच रात्री दोरे सोडवावेत. दमट हवेत हलवा पाझरतो आणि मुंग्यांना निमंत्रण लागत नाही. दाणे कोरड्या बरणीत भरून घट्ट झाकण लावावे. तिळाचे दाणे शाळेतून येणाऱ्या मुलांना, मगजबीचे सूनबाईच्या मैत्रिणींना. लवंगेचे तेवढे आजोबा आपल्यासाठी आधीच वेगळे काढून ठेवतात.